कीव्ह, दर्यागंज, चर्चगेट : ‘गेलॉर्ड’ची सत्तर वर्षं

चर्चगेट स्टेशनातून बाहेर पडून समुद्राच्या दिशेने वीर नरिमन रस्ता धरला, की थोड्याच वेळात ‘गेलॉर्ड’ची पाटी दिसते. फुटपाथला लागून व्हरांडा, केक-पावांचा काउंटर, आणि आत टेबलांवर अजूनही कापड अंथरलेलं. १९५६ साली सुरू झालेलं हे हॉटेल २०२६ मध्ये सत्तर वर्षांचं होतंय.

मेनूकार्ड हातात पडलं की नवखा माणूस जरा बुचकळ्यात पडतो. एकीकडे चिकन आ ला कीव्ह आणि लॉबस्टर थर्मिडॉर, दुसरीकडे बटर चिकन, काळी डाळ आणि नान. रशियन सॅलडही आहे आणि कबाबही. हॉटेल पंजाबी म्हणावं की फ्रेंच, हे ठरवेपर्यंत वेटर पाण्याचे ग्लास भरून उभा राहिलेला असतो. हल्ली एका हॉटेलाने एकाच देशाचं, शक्यतो एकाच जिल्ह्याचं खाणं द्यावं अशी रीत आहे. त्या हिशेबाने हा मेनू म्हणजे भेळ.

या संस्थेचा इतिहास लिहायला घेतला तेव्हा मीही मेनूकडे असाच, थोडा मिस्कीलपणे पाहत होतो. पण एकेका पदार्थाचं मूळ शोधत गेलो तसं लक्षात आलं, की इथे काहीच उगाच आलेलं नाही. प्रत्येक पदार्थ कुणाच्या तरी पाठोपाठ या रस्त्यावर आला आणि राहिला. म्हणून हा इतिहास मालक आणि तारखांच्या अंगाने कमी, ताटांच्या अंगाने जास्त सांगतो आहे.

पाया : आइस्क्रीमचं दुकान

गेलॉर्डची मुळं मुंबईत नाहीत, दिल्लीत आहेत. पिशोरीलाल लांबा आणि इक्बाल घई या दोघांनी १९४० साली कॅनॉट प्लेसच्या रीगल इमारतीत ‘क्वालिटी’ सुरू केलं. नावाचं इंग्रजी स्पेलिंग मुद्दाम चुकवलेलं होतं. लक्षात राहावं म्हणून केलेली ही युक्ती पुढे घराघरांत पोचली. दुसऱ्या महायुद्धाचे ते दिवस. दिल्लीत परदेशी सैनिकांचा राबता होता. अमेरिकन शिपायाला काय हवं असतं, हे या दोघांनी अचूक हेरलं. हाताने घुसळलेलं आइस्क्रीम खपू लागलं, आइस्क्रीमच्या जोडीला खाणं आलं, आणि दुकानाचं रेस्टॉरंट झालं.

१९५२ साली त्यांनी दिल्लीत ‘गेलॉर्ड’ काढलं आणि चार वर्षांनी त्याच नावाने मुंबईत पाऊल ठेवलं. घई आणि लांबा ही दोन आडनावं जोडून ‘गेलॉर्ड’ तयार झालं, अशी या नावाची गोष्ट सांगितली जाते. पंजाबी आडनावांतून इंग्रजी रुबाबाचं नाव निघावं, यात पुढच्या मेनूची सगळी चाहूल होती.

जागा : समुद्रातून वर आलेला रस्ता

मुंबईत त्यांनी निवडलेली जागाही नवीच होती. चर्चगेट हे नाव किल्ल्याच्या एका दरवाजाचं. सेंट थॉमस चर्चकडे जाणारा तो दरवाजा १८६० च्या दशकात तटबंदीबरोबर पाडला गेला, नाव मात्र स्टेशनाला आणि रस्त्याला चिकटून राहिलं. स्टेशनाच्या पश्चिमेची जमीन ही विसाव्या शतकातल्या बॅकबे भरावाची. त्यावर १९३० च्या दशकात गोलसर बाल्कन्यांच्या आर्ट डेको इमारती उठल्या. १९३७ साली ब्रेबॉर्न स्टेडियम झालं, १९३८ साली इरॉस सिनेमा. २०१८ साली युनेस्कोने हा सगळा परिसर जागतिक वारशाच्या यादीत घेतला.

स्वातंत्र्यानंतर चर्चगेट स्ट्रीटला वीर नरिमनांचं नाव मिळालं. त्या काळात या छोट्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी हॉटेलं होती. स्विस गृहस्थ बॉम्बेली यांचं रेस्टॉरंट होतं. जॅक व्होयांट्झिस या ग्रीक माणसाने नावारूपाला आणलेलं अँबॅसॅडर होतं. कामलिंगमध्ये चिनी खाणं मिळे, पुरोहितकडे गुजराती थाळी. १९५३ पासून के. रुस्तुममध्ये दोन वेफर बिस्किटांमध्ये आइस्क्रीमची जाड वडी ठेवून हातात देतात, ती आजही. एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जायला दहा मिनिटं पुरतात. तेवढ्यात चार-पाच देश लागत. गेलॉर्डचा मेनू वाचताना हा शेजार ध्यानात ठेवायला हवा. सगळ्या रस्त्याचीच रीत तशी होती.

कोरड्या शहरातली संध्याकाळ

हॉटेल सुरू झालं तेव्हा मुंबईत दारूबंदी होती. १९४९ च्या कायद्याने आणलेली संपूर्ण बंदी १९५० च्या एप्रिलपासून लागू झाली आणि साठच्या दशकात ती हळूहळू सैलावली. परमिट असेल त्यालाच पेला. म्हणजे युरोपीय थाटाचं हॉटेल काढायचं, पण युरोपात ज्याच्यावर हॉटेलं चालतात ती वस्तू विकायची नाही, अशी पंचाईत. चर्चगेटच्या हॉटेलांनी तिच्यावर उपाय काढला तो संगीताचा. बँड, नाचायला गुळगुळीत फरशी, आणि तासन् तास बसता येईल असं जेवण.

हा बँड बहुतेक गोव्याचा असे. पोर्तुगीज अमदानीतल्या चर्चच्या शाळांमधून नोटेशन वाचायला शिकलेली मुलं व्हायोलिन आणि ट्रंपेट घेऊन मुंबईला येत, धोबीतलावच्या कुडींमध्ये, म्हणजे गाववाल्यांच्या सामायिक बिऱ्हाडांत, उतरत, रात्री हॉटेलात वाजवत आणि दिवसा सिनेमाच्या रेकॉर्डिंगला जात. हळदोण्याचे आंतोनियो शाव्हियेर वाझ ऊर्फ चिक चॉकलेट ताजमध्ये ट्रंपेट वाजवत आणि सी. रामचंद्रांच्या गाण्यांनाही तोच रंग देत. जवळच्या अ‍ॅस्टोरिया हॉटेलातल्या ‘व्हेनिस’मध्ये ख्रिस पेरींचा बँड आणि लोर्ना यांचा आवाज होता. ती गाणी गोव्यात लग्नाच्या मांडवात अजून वाजतात.

गेलॉर्ड हा या जगातला सिनेमावाल्यांचा अड्डा. निर्माते, वितरक, संगीतकार दुपारच्या जेवणाला यायचे आणि संध्याकाळपर्यंत हलायचे नाहीत. त्यातलं सर्वांत ठळक नाव शंकर-जयकिशन जोडीतल्या जयकिशन यांचं. त्यांचं टेबल ठरलेलं होतं. १२ सप्टेंबर १९७१ रोजी ते गेले. पुढे महिनाभर त्या टेबलावर कुणाला बसवलं नाही, तिथे मेणबत्ती आणि राखीवची पाटी ठेवली होती, ही आठवण जुने लोक अजून सांगतात. हॉटेलाने गिऱ्हाइकाचं सुतक पाळल्याची उदाहरणं थोडी.

शंकर-जयकिशन यांच्या वाद्यमेळाची जुळणी वर्षानुवर्षं करणारे सेबॅस्टियन डिसूझा हे गोव्याचे, पण फाळणीपूर्वी लाहोरच्या हॉटेलात बँड चालवणारे. गोव्यातून लाहोर, लाहोरहून मुंबई. ज्यांच्या नोटेशनवर हिंदी सिनेमाची व्हायोलिनं चालली, त्यांचा प्रवास या मेनूइतकाच वळणावळणाचा होता.

पहिलं पान : ‘कॉन्टिनेंटल’

‘कॉन्टिनेंटल’ म्हणजे कुठल्या खंडाचं, हा प्रश्न आपल्याकडे कुणी विचारत नाही. हा शब्द इंग्रजांचा. त्यांच्या बेटावरून खाडीपलीकडे जे दिसतं ते ‘कॉन्टिनेंट’. इंग्रज गेले, पण त्यांनी युरोपकडे जिथून पाहिलं ती जागा आपल्या मेनूकार्डांवर राहून गेली. चर्चगेटला बसून आपण युरोपला डोव्हरच्या किनाऱ्यावरून पाहत होतो.

या पानावरच्या पदार्थांची कुळकथाही सरळ नाही. लॉबस्टर थर्मिडॉर पॅरिसचं, पण त्याचं नाव १८९१ साली आलेल्या व्हिक्तोरियँ सार्दू यांच्या ‘थर्मिडॉर’ या नाटकावरून पडलं. नाटकाला नाव मिळालं होतं फ्रेंच क्रांतीने नव्याने आखलेल्या पंचांगातल्या एका महिन्याचं. नाटक विसरलं गेलं, पंचांग त्याच्याही आधी बाद झालं, आणि शेवंडीवरचा सॉस तेवढा टिकला. रशियन सॅलड १८६० च्या दशकात मॉस्कोच्या ‘हर्मिटेज’ हॉटेलात ल्युसियँ ऑलिव्हिए नावाच्या आचाऱ्याने गाजवलं. मूळ सॅलडमध्ये शिकारीच्या पक्ष्याचं मांस वगैरे श्रीमंती ऐवज होता. मुंबईपर्यंत पोचेतो त्यात उकडलेला बटाटा, गाजर, फरसबी, मटार आणि मेयोनेज उरलं, आणि आपल्याकडच्या आचाऱ्यांनी वरून अननस घातलं. आज रशियन माणसाला ते ओळखू येणार नाही, आणि आपल्याला त्याच्याशिवाय लग्नाचं रिसेप्शन ओळखू येत नाही.

चिकन कीव्हबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण या पानाची खरी परीक्षा तिथे होते. कोंबडीच्या छातीचा तुकडा घ्यायचा, पंखाचं एक हाड त्याला तसंच ठेवायचं. तो ठोकून पातळ करायचा, पण भोक पडू द्यायचं नाही. मधोमध बर्फासारख्या गार लोण्याची बोटाएवढी कांडी ठेवायची, मांस चारी बाजूंनी मिटवायचं, मैदा, अंडं आणि पावाचा चुरा यांचे थर एकदा आणि मग पुन्हा एकदा द्यायचे. फ्रीजमध्ये घट्ट होऊ द्यायचं आणि मग तळायचं. तेल कमी तापलं तर मांस कच्चं राहतं, जास्त तापलं तर वरून करपतं आणि आतलं लोणी तसंच. शिवण कुठे उसवली तर लोणी कढईतच जातं. सगळं साधलं, तर ताटात सुरीचं टोक रुतताच पिवळंधमक लोणी उसळून बाहेर येतं. जाणता वेटर म्हणूनच पहिला काप स्वतः देतो, किंवा पाहुण्याला नॅपकिन वर ओढून घ्यायला सुचवतो.

मी पहिल्यांदा हा पदार्थ खाल्ला तो इथे नव्हे, उपनगरातल्या एका हॉटेलात. ऐटीत सुरी घातली आणि कपडे वाचवायला मागे सरकलो. आत काहीच नव्हतं, नुसती कोरडी गुहा. वेटरने शांतपणे सांगितलं, ‘साहेब, आमच्याकडे असंच असतं.’ त्या दिवसापासून कीव्हमधून लोणी येणं ही गोष्ट मी गृहीत धरत नाही. सत्तर वर्षं एखाद्या भटारखान्याने ते लोणी आत ठेवलं असेल, तर ती परंपराच म्हणायची.

आणि हे हात कुणाचे? मुंबईतल्या युरोपीय धर्तीच्या भटारखान्यांत गोव्याच्या आचाऱ्यांचा वाटा फार जुना. बोटींवर, साहेबांच्या बंगल्यांत, क्लबांत त्यांनी सूप आणि रोस्ट शिकून घेतलं होतं. पण गिऱ्हाईक बदललं तसं पानही बदललं. गोमांस न खाणारा, अंडंही न खाणारा, पण मित्रांबरोबर हॉटेलात यायची हौस असलेला गुजराती-मारवाडी व्यापारी समोर बसला, तेव्हा पांढऱ्या सॉसखालचं मांस जाऊन भाज्या आल्या आणि वर चीज. ‘बेक्ड व्हेजिटेबल’ आणि ‘ओ ग्रातँ’ या पदार्थांनी मुंबईच्या शाकाहारी माणसाला युरोपच्या टेबलावर जागा दिली.

दुसरं पान : तंदूर

मेनूतला पंजाब हा फाळणीच्या वाटेने आला. पेशावरहून दिल्लीला आलेल्या निर्वासितांनी दर्यागंजमध्ये ‘मोती महल’ उभं केलं आणि तंदुरी कोंबडी हॉटेलात रुळली. तिच्यापासून बटर चिकन निघालं. ते नेमकं कुणाच्या डोक्यातून निघालं, हा वाद दोन घराण्यांच्या वारसांमध्ये २०२४ साली दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत गेला. हे पदार्थ दिल्लीने आधी आपलेसे केले. मुंबईत ते आणणाऱ्यांत दिल्लीहून आलेल्या गेलॉर्डसारख्या हॉटेलांचा हात मोठा होता. आज ज्याला आपण ‘नेहमीचं पंजाबी’ म्हणतो, ते १९५६ च्या मुंबईकराला थर्मिडॉरइतकंच परकं होतं. गिरगावातून आलेल्या माणसाला नान आणि कीव्ह दोन्ही सारखेच नवे.

या इतिहासातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट पुढची आहे. १९६६ साली गेलॉर्ड लंडनला गेलं, मॉर्टिमर स्ट्रीटवर. लंडनमध्ये तंदूर पेटवणाऱ्या पहिल्या काही हॉटेलांत त्याचं नाव घेतलं जातं. एकाच घराण्याचं, एकाच नावाचं हॉटेल मुंबईकरांना युरोप खाऊ घालत होतं आणि युरोपियनांना पंजाब. दोन्हीकडे गिऱ्हाईक येत होतं ते घरी न मिळणाऱ्या खाण्यासाठी. मुंबईच्या मेनूतली दोन पानं शेजारी ठेवली, की हा व्यवहार उलगडतो. घई-लांबांना दोन्ही दिशांचा धंदा कळत होता.

याच रस्त्यावर तिसरा अध्यायही लिहिला गेला, तो मात्र शेजाऱ्याच्या भटारखान्यात. ब्रेबॉर्न स्टेडियममधल्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात नेल्सन वँग यांनी १९७५ साली आलं, लसूण, हिरवी मिरची आणि सोया सॉस यांतून चिकन मंचुरियन काढलं. मंचुरियात ते कुणी खाल्लेलं नाही. चर्चगेटला मात्र त्याच्या जन्माचं कुणाला फारसं नवल वाटलं नसावं.

मराठी माणूस आणि काटा-चमचा

१९५५ साली सचिवालयाची इमारत झाली, १९५६ साली आयुर्विमा महामंडळ स्थापन झालं. चर्चगेटला उतरणाऱ्या मराठी नोकरदारांची संख्या वाढत गेली. त्यांचं रोजचं खाणं डब्यातलं, बाहेरचं खाणं गिरगाव-दादरच्या मराठी उपाहारगृहांतलं. कचेरीत जायचा त्यांचा रस्ता गेलॉर्डवरून नव्हता. पण पगाराच्या संध्याकाळी मरीन ड्राइव्हला जायचं, तर वीर नरिमन रस्त्यावरूनच जावं लागे आणि आतला बँड बाहेर ऐकू येई.

त्या पिढीतल्या अनेकांची गेलॉर्डशी ओळख एवढीच राहिली. काही जण बढती झाल्यावर, कुणी लग्नाच्या वाढदिवसाला, कुणी परदेशी निघालेल्या मुलाला ‘काट्या-चमच्याची सवय व्हावी’ म्हणून आत गेले. आत गेल्यावर मागवलं काय? बहुधा टोमॅटो सूप, फ्राइड फिश आणि शेवटी आइस्क्रीम, कारण मेनूतल्या बाकीच्या नावांचा उच्चार चुकेल ही धास्ती. अशा वेळी दुसरं पान हात द्यायचं. थर्मिडॉर मोठ्याने म्हणायचं धाडस झालं नाही, तर ‘बटर चिकन’ म्हणता यायचं. मिश्र मेनूचा हा उपयोग कुठल्याही खाद्यसमीक्षकाने लिहिलेला नाही. लाजऱ्या माणसाला सुटकेचा रस्ता ठेवणं हेही हॉटेलाचं काम असतं.

पडती वर्षं आणि टिकणं

१९६५ च्या टंचाईत लालबहादूर शास्त्रींनी सोमवारी संध्याकाळचं जेवण सोडायचं आवाहन केलं, तेव्हा देशभर हॉटेलांचे भटारखाने सोमवारी रात्री थंड राहिले. पण चर्चगेटच्या हॉटेलांना खरा धक्का अशा एखाद-दुसऱ्या रात्रीने दिला नाही. जिवंत बँडची जागा तबकड्यांनी घेतली, नाचायच्या फरशीवर टेबलं आली, सिनेमाचं जग जुहू-अंधेरीला सरकलं आणि कचेऱ्या वांद्रे-कुर्ला संकुलात. बॉम्बेली गेलं, नावं बदलत गेली. थोडीच ठिकाणं जुन्या पाटीसह उरली, त्यांत गेलॉर्ड आहे. आइस्क्रीमचं ‘क्वालिटी’ हे नाव १९९० च्या दशकात मोठ्या कंपनीकडे गेलं, पण या हॉटेलाची पाटी हलली नाही.

टिकण्याचं कारण मला तरी गूढ वाटत नाही. एका टेबलावर तीन पिढ्या बसतात. आजोबांना त्यांच्या तरुणपणचं थर्मिडॉर हवं, सुनेला शाकाहारी काही हवं, नातवाला नान आणि कोंबडी, आणि निघताना बेकरीतून घरासाठी पाव. एकाच देशाचं खाणं देणारं नवं हॉटेल यातल्या एकाला खूश करतं. गेलॉर्ड तिघांनाही घरी उपाशी पाठवत नाही. काळाच्या मागे पडलेला वाटणारा हा मेनू मुंबईच्या एकत्र कुटुंबाचा मेनू आहे, आणि एकत्र जेवायला बाहेर पडणारी कुटुंबं अजून संपलेली नाहीत.

वाचकांना शेवटी एक विनंती. हॉटेलांचे इतिहास लिहिताना सर्वांत जास्त खोळंबा होतो तो कागदांचा. मेनूकार्ड हा फेकून द्यायचा कागद, म्हणून शहराच्या खाण्याचा दस्तऐवज रद्दीत जातो. तुमच्या घरी, कपाटाच्या तळाशी किंवा जुन्या अल्बमच्या मागे, चर्चगेटच्या कुठल्याही हॉटेलाचं मेनूकार्ड, बिल, आगपेटी किंवा टेबलाभोवतीचा फोटो असेल, तर तो टाकू नका. मागे पेन्सिलने साल आणि कोण कोण होतं ते लिहून ठेवा, आणि काय मागवलं होतं तेही.